रात्रीचे टपाल आणि कानाचा दगा

१९४९ साली आपल्याकडे रात्रीची विमान-टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला जमत आणि थैल्या बदलून परतत. मुंबई-नागपूर सरळ रेषा यवतमाळच्या थोडी उत्तरेकडून जाते. पावसाळी रात्री ढगात शिरल्यावर वैमानिकाला क्षितिज कसे दिसणार?

विमान वळू लागले की आपल्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव मागे रेंगाळतो, म्हणून वळण कळते. वळण एकसारखे वीसेक सेकंद चालले की द्रवही नलिकांच्याच वेगाने फिरतो आणि मेंदूला वाटते, आपण सरळ चाललो आहोत! १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांची चाचणी घेतली. बाहेरचे दिसेनासे झाल्यावर विमान ताब्यातून जायला सरासरी १७८ सेकंद पुरले.

म्हणून शरीरावर नव्हे, कृत्रिम क्षितिजावर विश्वास ठेवायला शिकावे लागते. सराव सुटला की शरीराचेच खरे वाटू लागते. त्यामुळे प्रवीण वैमानिकही खिडकीबाहेरचे झाकून ठरावीक मुदतीत पुन्हा सराव करतात.

विद्यार्थ्याचे डोळे बांधून त्याला फिरत्या खुर्चीत सावकाश, एकसारखे फिरवा आणि थांबवा. कोणीकडे फिरतोस, असे विचारा. तो बहुधा उलटी दिशा दाखवील!