कागदावरील युद्धनौका

१९४० साली अमेरिकेने ‘मोंटाना’ वर्गाच्या पाच युद्धनौकांना मंजुरी दिली. प्रत्येकीवर सोळा इंची बारा तोफा! पण पोलाद आणि गोद्या विमानवाहू नौकांसाठी हव्या होत्या. बांधणी सुरू होण्यापूर्वीच, जुलै १९४३ मध्ये, तो बेत रद्द झाला. तीच मोंटाना आज ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ या संगणकीय खेळात लाटा कापीत धावते. फाईल मिटली की विषय संपला, असे मानणाऱ्या आम्हां सरकारी नोकरांना याची मोठी गंमत वाटते! तोफांची संख्या आराखड्यात सापडते. समुद्राने दाखवावयाचे दोष मात्र तेथे नसतात. ‘आयोवा’ प्रत्यक्ष बांधली गेली, म्हणूनच खवळलेल्या समुद्रात तिच्या नाळेवर पाणी चढे, हे आपल्याला ठाऊक आहे. खेळात या दोघी शेजारी उभ्या राहतात, आणि मोंटानाच अधिक निर्दोष भासते.