दुधाच्या दातांची कैफियत

वसंतातल्या व्याख्यानांत लढाया, राजवाडे, संत आणि सुधारक यांच्यावर बोलावयाचे असा आपल्याकडचा रिवाज आहे. आज आम्ही मात्र पाच-सहा वर्षांच्या पोराच्या तोंडात डोकावणार आहोत. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण इतिहाससंशोधकाला विचारा. मानवी देहातला सर्वांत चिवट पुरावा म्हणजे दात. हाडे मातीत विरघळतात, दात उरतो, आणि ज्याचा तो होता त्याने काय खाल्ले, कधी उपास काढले, कोणते पाणी प्याले, हे सांगत राहतो.

नागपूरच्या दक्षिणेस, लोहमार्गाच्या पलीकडे मनीषनगर पसरले आहे. येथे आज किराण्याच्या दुकानाइतक्याच सहजतेने दंतवैद्याची पाटी दृष्टीस पडते, आणि शाळेतून परतणाऱ्या मुलामुलींच्या दातांवर तार चमकते. साठ वर्षांपूर्वी नागपुरात असा मुलगा रस्त्याने गेला असता, तर लोकांनी थांबून पाहिले असते. ही तार आली कोठून, हा एक प्रश्न. आणि तिची गरज पडू लागली कशामुळे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वैद्यकाच्या इतिहासात आहे. दुसऱ्याचे उत्तर बरेचसे आपल्या स्वयंपाकघरात आणि आपल्याच तोंडच्या एका वाक्यात आहे: ‘दुधाचेच दात ते, पडायचेच आहेत!’

या वाक्याइतका मुलांच्या दातांचा घात दुसऱ्या कशानेही झालेला नाही, असे आमचे मत आहे. आणि गंमत अशी की, आपल्या पूर्वजांना दुधाच्या दातांविषयी आपल्याहून अधिक आस्था होती. संस्कृतात ‘द्विज’ म्हणजे ब्राह्मण, द्विज म्हणजे पक्षी, आणि द्विज म्हणजे दातही. दोनदा जन्म घेतो तो. बालरोगांवरचा आपला जुना ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज शर्मा यांच्या संग्रहातल्या खंडित पोथीवरून ती १९३८ साली छापली गेली. तिच्यात दात उगवण्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. बत्तीस दातांपैकी आठ एकदाच उगवतात आणि बाकीचे दोनदा, असा हिशेब तेथे मांडला आहे. आजच्या शास्त्राप्रमाणे दुधाचे दात वीस, आणि एकदाच उगवणाऱ्या दाढा बारा. म्हणजे हिशेबात चारांचा फरक पडला. हे चार लक्षात असू द्यावेत. पुढे त्यांची गाठ पुन्हा पडणार आहे.

ग्रंथ सोडून प्रत्यक्ष दाताकडे वळू. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव म्हणून खेडे आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. अन्सारी आणि डॉ. ढवळीकर ही त्यातली मोठी नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतली शेतकऱ्यांची वस्ती तेथे सापडली. हे लोक सातू पिकवीत, गुरे पाळीत, आणि एखादे मूल दगावले तर त्याला दोन मडक्यांत घालून, मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवून, राहत्या घराच्याच जमिनीखाली पुरीत. घराबाहेर नव्हे, घरात. त्यामागची भावना काय असेल ती आईबापांनी ओळखावी.

या मडक्यांतले चिमुकले दात अमेरिकेतले मानववंशशास्त्रज्ञ जॉन लुकाच आणि डेक्कन कॉलेजचे डॉ. सु. रा. वाळिंबे यांनी बारकाईने तपासले. दुधाच्या दातावरचा कठीण थर मूल आईच्या पोटात असतानाच बनू लागतो आणि पहिल्या वर्षाच्या आसपास पुरा होतो. त्या काळात आई उपाशी राहिली किंवा बाळ आजारी पडले, तर त्या थरात खळगा राहून जातो आणि तो पुढे कधीच बुजत नाही. इनामगावच्या मुलांच्या सुळ्यांवर असे खळगे आढळले. पाऊसपाणी बिघडले, शेती हटली, या उलथापालथीची बातमी आपल्याला कोठल्या शिलालेखाने दिलेली नाही. पण त्या काळच्या आया-लेकरांच्या पोटाला काय मिळत होते, याचा थोडा माग तांदळाच्या दाण्याएवढ्या दातांवर उरला. ज्याला आपण ‘पडायचाच’ म्हणून निकालात काढतो, त्या दाताची ही योग्यता!

आता वेडेवाकडेपणाकडे येऊ. जुन्या शेतकरी वस्त्यांतल्या जबड्यांत दात बहुधा झिजलेले, पण ओळीत बसलेले दिसतात. जबडा हा चावण्याच्या कामाने वाढतो. लहानपणी भाकरी, हुरडा, चणे, ऊस यांच्याशी झगडणारा जबडा ऐसपैस होतो. मऊ पोळीचा कुस्करा, बिस्किटे आणि केक यांवर पोसलेला जबडा तोकडा राहतो, आणि दात मात्र आजोबांच्या मापाचे येतात. अमेरिकन संशोधक रॉबर्ट कोरुचिनी यांनी चंडीगडच्या परिसरात खेड्यातल्या आणि शहरातल्या तरुणांचे दात ताडून पाहिले व १९८०च्या दशकात निष्कर्ष छापले. वंश एक, प्रांत एक. पण दातांची ओळ शहरात अधिक बिघडलेली. आनुवंशिकतेचा वाटा कोणी नाकारीत नाही. तथापि ‘आमच्या घराण्यातच दात पुढे आहेत’ असे म्हणून सारा दोष पितरांच्या माथी मारणे फार सोयीचे असते, एवढे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे कारण साखर. इनामगावच्या पोराला गोड म्हणजे फळ किंवा मध. महाराष्ट्रात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०च्या अखेरीस सुरू झाला. त्या चळवळीने शेतकऱ्याला उभे केले, हे खरेच. पण साखर स्वस्त झाली की तिचा हिशेब पोरांच्या दाढांत लागतो. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म येथल्या एका मनोरुग्णालयात १९४५ नंतर काही वर्षे रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या चारून त्यांचे दात कसे किडतात ते पाहिले गेले. असहाय माणसांवर केलेला तो प्रयोग आज कोणी करू धजणार नाही, आणि धजूही नये. पण त्यातून निघालेली गोष्ट खोटी ठरलेली नाही: साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली, याला महत्त्व आहे. जेवणाबरोबरचा एक लाडू परवडतो. दुपारभर गालात फिरणारी गोळी परवडत नाही. बाळाच्या तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली ठेवून त्याला झोपविणे, हा तर वरच्या पटाशीच्या दातांवर ठरवून केलेला हल्लाच होय.

गोडाशी दंतवैद्यकाचे नाते आपल्या देशात आणखी एका तऱ्हेने जुळले आहे. डॉ. रफिउद्दीन अहमद हे अमेरिकेत आयोवा येथे शिकून परतले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात भारतातले पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले. सरकारची थैली काही त्यासाठी उघडली नव्हती. पैसा उभा राहिला तो ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाच्या दुकानातून! लोकांनी गोड पेये प्यायली आणि त्या नफ्यावर दंतवैद्य तयार झाले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले. पुढे १९४८चा दंतवैद्यक कायदा झाला. तोवर जत्रेत, बाजारात पाट मांडून चिमट्याने दात ओढणारा मनुष्यच सर्वसाधारण माणसाचा दंतवैद्य होता. आणि रोजच्या निगेसाठी बाभळीचे किंवा कडुनिंबाचे दातवण, नाहीतर राखुंडी. राखुंडीचे मंजन झाले त्यातही नागपूरचा हात आहे. केशव विष्णु पेंढरकर नागपुरात किराणा दुकान चालवीत. ते मुंबईस गेले आणि १९५२ साली आयुर्वेदिक दंतमंजनावर त्यांनी ‘विको’चा धंदा उभारला.

आता तार. पॅरिसच्या पियेर फोशार याने १७२८ साली दंतशस्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. वाकडे दात ओळीत आणण्यासाठी धातूची पट्टी व दोरा बांधण्याची युक्ती त्यात आहे. पण या विद्येला शिस्त लावली ती अमेरिकेच्या एडवर्ड अँगल याने. १८९९ साली त्याने वेड्यावाकड्या दातांची वर्गवारी प्रसिद्ध केली आणि दुसऱ्याच वर्षी सेंट लुईला केवळ या विषयाची शाळा काढली. त्याच्या वर्गवारीचा सारा डोलारा एका दाढेवर उभा आहे. ती दाढ म्हणजे साधारण सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ.

येथेच ते चार पुन्हा भेटतात. ही दाढ वर दोन, खाली दोन, अशी चार. ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कोणताही दात न पडता, मुकाट्याने उगवते. दात पडला नाही, तेव्हा नवा आला हे घरात कोणाच्या ध्यानी येत नाही. तिलाही दुधाचीच समजतात. ती किडली तरी ‘पडेल आणि नवी येईल’ म्हणून वाट पाहत बसतात. ती पडत नाही, काढावी लागते. आणि नवी तर येतच नाही. अँगलने जिला साऱ्या दंतपंक्तीची किल्ली मानले, ती किल्लीच आपण वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी हरवून बसतो.

दुधाच्या दाढांचे कामही समजून घेतले पाहिजे. त्या दहा-अकरा वर्षांपर्यंत टिकावयाच्या असतात. खालून येणाऱ्या उपदाढेची जागा धरून ठेवणे, ही त्यांची चाकरी. पाचव्या वर्षीच किडून ती काढावी लागली, तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि उपदाढेला दार बंद होते. मग ती आत किंवा बाहेर, मिळेल तेथून डोके काढते. आगगाडीत रुमाल टाकून जागा धरतात, तसा हा प्रकार आहे; रुमाल गेला की जागा गेली. अशा वेळी दंतवैद्य त्या फटीत धातूचे छोटे कडे बसवून जागा राखतात. त्याचा खर्च पुढच्या तारेच्या मानाने अल्प असतो. तोंडाने श्वास घेण्याची किंवा पाचव्या वर्षानंतरही अंगठा चोखण्याची सवय जबड्याचा आकार बिघडवते, तीही याच वयात हेरावयाची असते.

नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय लाभले ते १९६८ साली. इनामगावची खणती सुरू झाली तेही वर्ष हेच. योगायोग, दुसरे काही नाही. दंतव्यंगोपचार करणाऱ्यांची अखिल भारतीय संघटना त्याआधी तीन वर्षे, १९६५ मध्ये, स्थापन झाली होती. ‘व्यंग’ हा शब्द आम्हांला रुचत नाही. वाकडा दात असलेल्या मुलीला व्यंग आहे, असे ऐकवू नये. पण पाठ्यपुस्तकात तो बसला आहे खरा.

विदर्भाचे एक दुखणे मात्र तारेने सुटणारे नाही. १९७२च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर खणले गेले. खोल खडकातले पाणी वर आले आणि चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत त्याबरोबर फ्लोराइडही आले. थोडे फ्लोराइड दातांना बळकटी देते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली, की आठ वर्षांखालच्या मुलांचे घडत असलेले कायमचे दात डागाळतात, आणि पिवळे-तपकिरी पट्टे जन्मभर राहतात. नागपूर शहर पेंच-कन्हानचे पाणी पिते, म्हणून शहरी पालकाला याची कल्पना नसते. त्या गावातले मूल येथे शिकावयास आले, की वर्गात त्याला ‘दात घासत नाहीस का’ म्हणून हिणवतात. तो बिचारा हसताना तोंडावर हात धरावयास शिकतो.

मनीषनगरच्या आईबापांचा प्रश्न निराळा असतो: तार केव्हा लावावी? येथे उतावीळपणालाही आवर घातला पाहिजे. अमेरिकेतली दंतव्यंगोपचारकांची संघटना सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासणी व्हावी, असे सांगते. तपासणी, तार नव्हे. वरचे दात पुढे असलेल्या मुलांवर आठव्या-नवव्या वर्षी उपचार आरंभले, आणि इतरांवर बाराव्या-तेराव्या वर्षी, अशा तुलना अमेरिकेत व इंग्लंडात काळजीपूर्वक झाल्या. अखेरीस दोन्ही गटांचे दात जवळपास सारखेच बसले. लवकर आरंभ केलेल्यांचा एक फायदा झाला: पडझडीत पुढचे दात मोडण्याचे प्रमाण कमी झाले. उलट वरचा जबडा अरुंद पडून दात उलटे बसत असतील, तर लहान वयातच हात घालणे बरे; हाडे तेव्हा ऐकतात.

बहुतेक घरी क्रम याच्या उलट असतो. सातव्या वर्षी कोणी पाहत नाही. दहाव्या वर्षी दाढ ओढून काढतात. आणि मुलगी उपवर झाली म्हणजे एकदम जाग येते. तारेला दीड-दोन वर्षे लागतात, स्थळाची बोलणी दोन महिन्यांत उरकतात. मुलाच्या बाबतीत ही जागही येत नाही, कारण नवऱ्या मुलाचे दात पाहावयाची आपल्याकडे चाल नाही.