नाव पत्त्यात, वास्तू कुलपात : मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसची कथा

१/ चर्नी रोड स्थानकापासून काही मिनिटांच्या अंतरावरील परिसराला अवघी मुंबई ‘ऑपेरा हाऊस’ म्हणून ओळखते. हिरे व्यापाऱ्यांच्या पत्त्यांत हेच नाव, टॅक्सीवाल्याला सांगायचे तेही हेच. मात्र ज्या वास्तूमुळे हे नाव पडले, ती १९९३ ते २०१६ अशी तब्बल तेवीस वर्षे बंद होती.

२/ तिची कल्पना १९०८ सालची. कलकत्त्याहून नाट्यदौरे चालवणारा मॉरिस बँडमन आणि मुंबईतील कोळशाचे पारशी दलाल जहांगीर फ्रामजी काराका यांनी ती मांडली. बँडमनच्या मंडळ्या भूमध्य समुद्रापासून पूर्व आशियापर्यंत बंदरोबंदरी प्रयोग करीत. त्या वाटेवरच्या मुंबईत त्यांना भव्य, हक्काचा रंगमंच हवा होता.

३/ १९११ साली पंचम जॉर्ज दिल्ली दरबारासाठी भारतात आले. त्यांच्या हस्ते या नाट्यगृहाचे उद्घाटन झाले, तेव्हा बांधकाम अजून चालूच होते. ‘रॉयल’ हे बिरुद या राजभेटीची खूण होय.

४/ वास्तूची शैली युरोपीय बरोक. नक्षीदार दर्शनी भाग, वर चित्रांकित घुमट, रंगमंचालगत धनिकांसाठी खाशा बैठकी आणि ससून घराण्याच्या नावाने ओळखली जाणारी झुंबरे. त्या काळच्या समाजातील उतरंड प्रेक्षागृहाच्या बैठकव्यवस्थेतही दिसत असे.

५/ केवळ पाश्चात्त्य ऑपेराच्या आधारावर हे नाट्यगृह चालणे कठीण होते. पण गिरगावच्या आसपास संगीत नाटकावर जीव ओवाळून टाकणारा प्रेक्षक होता. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांचे सूर या वास्तूने ऐकले. गाण्यातून नाटक उभे करण्याची मराठी परंपरा येथे परकी ठरली नाही.

६/ पुढे सिनेमाचा जमाना आला. १९३० च्या दशकात नाट्यगृहाचे चित्रपटगृह झाले. पडद्याच्या सोयीसाठी फेरबदल झाले, रंगमंचालगतच्या खाशा बैठकी गेल्या आणि मूळ रूप झाकोळले. वास्तू टिकली ती अशी, आपल्याच अंगावरचे दागिने उतरवून.

७/ तरीही नाटकाने हा उंबरा सोडला नाही. १९४४ साली स्थापन झालेल्या पृथ्वी थिएटर्सचे प्रयोग येथे होत. प्रयोग संपल्यावर पृथ्वीराज कपूर झोळी घेऊन दाराशी उभे राहत आणि बाहेर पडणारे प्रेक्षक तीत यथाशक्ती दान टाकीत.

८/ १९५२ मध्ये गोंडल संस्थानच्या महाराजांनी ही वास्तू विकत घेतली. पुढील दशकांत दूरदर्शन आणि व्हिडिओ घराघरांत पोहोचले, एकपडदा चित्रपटगृहांचा प्रेक्षक ओसरला. १९९३ मध्ये दारे मिटली. बंद छपरातून पाणी झिरपू लागले, लाकूड कुजू लागले.

९/ १३ जुलै २०११ च्या बॉम्बस्फोटांच्या बातम्यांत झवेरी बाजार आणि दादर यांच्याबरोबर ‘ऑपेरा हाऊस’ हे नाव देशभर ऐकू आले. ते नाव परिसराचे होते. ज्या वास्तूचे ते मूळचे, तिच्या आत त्या वेळी एकही प्रेक्षक बसत नव्हता.

१०/ गोंडलच्या राजघराण्याने जीर्णोद्धाराचे काम संवर्धन-वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे सोपवले. २०१२ मध्ये ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ने धोक्यातील वारशांच्या आपल्या यादीत या वास्तूचा समावेश केला.

११/ जीर्णोद्धारातील खरा प्रश्न असा असतो : शंभर वर्षांत बदलत गेलेल्या वास्तूचे कोणते रूप ‘खरे’ मानायचे? येथे कौल आरंभीच्या नाट्यगृहाला मिळाला. जुन्या छायाचित्रांचा आधार घेतला गेला, नंतरचे रंगांचे थर उतरवले गेले, हरवलेल्या खाशा बैठकी पुन्हा घडवल्या गेल्या. एका काळाला उजाळा देताना दुसऱ्या काळाच्या खुणा पुसाव्या लागतात, ही त्याची किंमत.

१२/ ऑक्टोबर २०१६ मध्ये दारे पुन्हा उघडली. मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांचे गायन येथे झाले. २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाचा गौरव झाला.

१३/ भारतात टिकून राहिलेले एकमेव ऑपेरा हाऊस अशी आज तिची ओळख. पण तिला शंभर वर्षे जगवले ते संगीत नाटकाने, सिनेमाने आणि झोळीत पैसे टाकणाऱ्या प्रेक्षकांनी. जुनी वास्तू दुरुस्तीने उभी राहते. टिकते मात्र तिकीट काढून आत येणाऱ्या माणसांमुळे. पत्त्यातले नाव तेवढे काम करू शकत नाही.