तांबटातला ‘ट’

सोनार, लोहार, कुंभार, चांभार. या नावांच्या शेवटचा ‘आर’ म्हणजे सुवर्णकार, लोहकार यांतला झिजलेला ‘कार’. कांस्यकाराचाही तसाच कासार झाला. पुढे तो बांगड्या भरू लागला आणि काशाशी असलेलं त्याचं नातं विसरलं गेलं.

तांबट या रांगेत बसत नाही. त्याचं मूळ ‘ताम्रकुट्ट’. आम्राचा आंबा झाला तसं ताम्राचं तांबं झालं, ‘कुट्ट’मधला ‘क’ प्राकृतात गळाला आणि मागे ‘ट’ राहिला. आपल्या ‘कुटणे’तही तोच धातू आहे. बाकीचे सारे करणारे, तांबट तेवढा कुटणारा! नाव ठेवणाऱ्यानं काम जवळून पाहिलं असणार.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम पेशवाईपासून चालत आलं आहे. तिथले कारागीर त्वष्टा कासार. त्वष्टा म्हणजे इंद्राचं वज्र घडवणारा वैदिक देव. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की कडक होतो, मग तापवून मऊ करायचा, पुन्हा ठोकायचा. आकार आला की शेवटी मठारकाम: गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं सारख्या अंतरावर, ओळीनं ठोके. त्या खळग्यांवर उजेड खेळतो आणि भांडं कणखरही होतं. इथे नक्षी वेगळी चढवावी लागत नाही, ठोकाच नक्षी होतो. म्हणून मला मठारकाम साऱ्या धातुकलेत सर्वांत प्रामाणिक वाटतं.

भट्टीजवळचे शब्दही जुने आहेत. भाता आला ‘भस्त्रा’वरून, म्हणजे चामड्याच्या पिशवीवरून. ऐरण ‘अधिकरणी’वरून, पालीतही लोहाराच्या ऐरणीला हाच शब्द आहे. कल्हई मात्र अरबी, तिकडे ‘कलई’ म्हणजे कथील. आणि बंब पोर्तुगीज! ‘बोंबा’ म्हणजे पंप. आगीच्या बंबात तो अर्थ शाबूत आहे. न्हाणीघरातल्या बंबात पंप नाही, नुसतं पाणी आणि विस्तव.

तांबट नावाचा पक्षीही आहे. एका लयीत ‘टुक टुक’ करतो, म्हणून इंग्रजांनीही त्याला कॉपरस्मिथच म्हटलं.

हंड्या-बंबांची मागणी स्टेनलेस स्टीलनं आणि गिझरनं आटवली, तेव्हा आळीनं दिवे, तबकं, पेले घडवायला घेतले. त्यांवरही मठारकाम असतंच, आणि गिऱ्हाईक तेच पाहून वस्तू उचलतं.