नळदुर्गच्या लढाईतील एक हवालदार

आपल्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या स्त्रीपुरुषांची चरित्रे देण्याचा परिपाठ आहे व तो योग्यच होय. तथापि यंदा जो ना आपल्या ज्ञातीचा, ना आपल्या प्रांताचा, अशा एका साध्या शिपाईगड्याची हकीकत आम्ही ज्ञातिबांधवांस सादर करीत आहोत. कारण त्याचा देह आपल्याच जिल्ह्याच्या मातीत पडला.

हवालदार बचित्तर सिंग यांचा जन्म १९१७ साली पंजाबातील लुधियाना जिल्ह्यात झाला. ऐन तारुण्यात ते शीख रेजिमेंटमध्ये भरती झाले व दुसऱ्या महायुद्धात लढून परतले. त्या युद्धाहून परतलेल्या लाखो शिपायांपैकी ते एक होत.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. परंतु आपला जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद, निजामाच्या अमलाखालीच राहिला. रझाकारांच्या जाचामुळे अनेक कुटुंबांनी घरदार सोडून बार्शी-सोलापूरचा आश्रय घेतला. अखेरीस १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने सोलापूरहून हैदराबादचा रस्ता धरला. वाटेत नळदुर्ग व तेथील बोरी नदीवरील पूल होता. पूल उडविला गेला असता, तर फौज अडून पडली असती. सैन्याने त्वरा करून तो शाबूत हस्तगत केला.

त्याच पहाटे चारच्या सुमारास बचित्तर सिंग यांच्या तुकडीस शत्रूच्या दोन मोटारी येताना दिसल्या. गोळीबारास न जुमानता त्यांनी चाल करून त्या पकडल्या. पुढे उंचवट्यावरील ठाण्यातून मारा सुरू झाला. ठाणे सुमारे ३० यार्डांवर आले असता मांडीत गोळ्या लागून ते कोसळले. तरी सरपटत जाऊन त्यांनी दोन हातबाँब फेकले व मशीनगन बंद पाडली. मागे नेऊ देण्यास नकार देऊन, सोबत्यांस धीर देत त्यांनी प्राण सोडला. वय अवघे ३१! चार दिवसांनी, १७ सप्टेंबरला, निजामाने युद्ध थांबविले. १९५२ साली स्थापन झालेले अशोकचक्र १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आले व ते त्यांस मरणोत्तर मिळाले.

येथे एक गोष्ट दडविणे ही इतिहासाशी प्रतारणा होईल. लढाई थांबल्यावर आपल्या जिल्ह्यात अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादची गणना केली. बचित्तर सिंग लढले ते शस्त्रधारी शत्रूशी, समोरासमोर. शौर्य व सूड यांतील भेद मुलांस समजावण्यास याहून स्पष्ट उदाहरण नाही.

नळदुर्गास सहलीला गेलेली मुले पाणीमहाल व नर-मादी धबधबे पाहून परततात. वडीलधाऱ्यांनी त्यांस बोरीच्या काठी घटकाभर थांबवून या हवालदाराचे नाव सांगावे. ज्ञातीचा अभिमान अवश्य असावा. परंतु ज्ञातीबाहेरच्यांचे जे ऋण आपल्यावर आहे, त्याचेही स्मरण असावे, एवढीच आमची विनंती.