लिंगविभेदन, मानवी
गर्भातील अविभेदित जननग्रंथीपासून वृषण किंवा अंडाशय आणि पुढे त्यांना अनुरूप जननेंद्रिये घडण्याची प्रक्रिया. सुमारे सहाव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक गर्भात वुल्फियन (पुरुष-मार्गाची पूर्वरूपे) व म्यूलेरियन (गर्भाशय व अंडवाहिनीची पूर्वरूपे) अशा दोन्ही नलिका असतात. वाय गुणसूत्रावरील, १९९० मध्ये ओळखला गेलेला एसआरवाय जनुक कार्यरत झाला की सामान्यतः वृषण बनते. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेद योस्त यांनी १९४० च्या दशकात सशाच्या गर्भातील जननग्रंथी काढून टाकल्या, तेव्हा सर्व गर्भांत स्त्री-मार्ग विकसित झाला. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर वुल्फियन नलिका टिकली, परंतु म्यूलेरियन नलिका नष्ट झाली नाही, यावरून वृषण दुसरेही एक हॉर्मोन स्रवते, हे त्यांचे अनुमान या विषयाचा खरा पाया ठरले. ते हॉर्मोन वृषणातील सर्टोली कोशिकांतून, तर टेस्टोस्टेरॉन लायडिख कोशिकांतून स्रवते. बाह्य पुरुष-जननेंद्रिये मात्र टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमुळे घडतात. स्त्री-घडण आपोआप होते, हा समज अपुरा आहे, कारण अंडाशयाच्या विकासालाही स्वतंत्र जनुकांची गरज असते. यौवनारंभी पोष ग्रंथीच्या हॉर्मोनांमुळे वृषण पुन्हा सक्रिय होते आणि त्यातील नलिकांत शुक्राणुनिर्मिती सुरू होते.