सार्वमत आणि पंतप्रधानांचा मतदारसंघ (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियाची राज्यघटना बदलायची तर संसदेची मंजुरी पुरत नाही. कलम 128 नुसार प्रस्ताव मतदारांपुढे न्यावा लागतो आणि तिथे दोन कसोट्या असतात: देशातील एकूण मतांत बहुमत आणि सहांपैकी किमान चार राज्यांत बहुमत. 1901 पासून 2023 पर्यंत मांडलेल्या 45 प्रस्तावांपैकी अवघे 8 संमत झाले. शेवटचे यश 1977 चे.

मतांचे आकडे मतदारसंघवारही जाहीर होतात. घटनेच्या दृष्टीने त्यांना किंमत नाही. तरी पंतप्रधान हा कुठल्यातरी एका मतदारसंघाचा खासदार असल्याने त्याच्याच मतदारांनी त्याचे ऐकले का, हे त्यांतून उघड होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण 6 नोव्हेंबर 1999 च्या सार्वमताचे. राणी व गव्हर्नर-जनरल यांच्या जागी संसदेने दोन-तृतीयांश बहुमताने नेमलेला राष्ट्राध्यक्ष आणावा, असा प्रस्ताव होता. पंतप्रधान जॉन हॉवर्ड राजसत्तेच्या बाजूचे. 54.87 टक्के मते विरोधात पडली, सहाही राज्यांनी नकार दिला, हॉवर्ड जिंकले. मात्र सिडनीतील त्यांच्या बेनेलाँग मतदारसंघाने होकार दिला होता. उलट प्रजासत्ताकाचा पुरस्कार करणारे विरोधी पक्षनेते किम बीझली यांच्या ब्रँड मतदारसंघाने नकार दिला. पक्षनिष्ठेने हे कोडे सुटत नाही. शहरांतील सुस्थित, उच्चशिक्षित वस्त्या प्रजासत्ताकाकडे झुकल्या. मजूर पक्षाला एरवी मते देणाऱ्या अनेक उपनगरांना संसदेने निवडलेला राष्ट्राध्यक्ष नको होता. काही प्रजासत्ताकवाद्यांनीही थेट निवडणुकीच्या आग्रहापायी विरोधात मत दिले.

या निकालाला हॉवर्ड यांच्यावरील अविश्वास मानणे चूक ठरेल. त्याच बेनेलाँगने त्यांना 2001 आणि 2004 मध्ये पुन्हा निवडून दिले. तिथे ते हरले ते 2007 मध्ये.

2017 ची समलिंगी विवाहाविषयीची टपाली पाहणी हे घटनात्मक सार्वमत नव्हते आणि मतदान ऐच्छिक होते. देशात 61.6 टक्के लोकांनी होकार दिला. तत्कालीन पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांच्या वेंटवर्थमध्ये हे प्रमाण 80.8 टक्के होते. समलिंगी विवाहाचे कडवे विरोधक, माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांच्या वॉरिंगामध्येही ते 75 टक्के भरले. प्रजासत्ताकाला हो म्हटलेल्या बेनेलाँगने या वेळी निसटता नकार दिला. अठरा वर्षांत तिथली वस्ती बरीच बदलली होती.

14 ऑक्टोबर 2023 रोजी आदिवासींच्या सल्लागार मंडळाला, म्हणजे ‘व्हॉइस’ला, घटनेत स्थान देण्याचा प्रस्ताव 60.06 टक्के मतांनी फेटाळला गेला. पंतप्रधान अँथनी अल्बनीझी यांच्या सिडनीतील ग्रेंडलरमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश मते बाजूने पडली. आपल्या मतदारसंघात इतका भक्कम पाठिंबा आणि देशात इतका स्पष्ट पराभव, ही दरी या प्रस्तावाच्या समर्थकांना फार लागली. विरोधाचे नेतृत्व करणारे पीटर डटन यांच्या डिक्सन मतदारसंघाने मात्र त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नकार दिला. मे 2025 च्या निवडणुकीत अल्बनीझी अधिक मोठ्या बहुमताने परतले आणि डटन डिक्सनमध्येच पराभूत झाले.